नववी तळटीप

त्या टिपणातली नववी तळटीप मला आजही शब्दशः पाठ आहे. 'ही माहिती टोळीतील एका ज्येष्ठ व्यक्तीने प्रस्तुत लेखकास प्रत्यक्ष भेटीत दिली. सदर व्यक्ती सध्या हृदयशस्त्रक्रियेनिमित्त मुलाकडे न्यू जर्सी येथे वास्तव्यास आहे.' मूळ वाक्य इंग्रजीत होते. मराठीत आणताना ते अधिक सोज्ज्वळ वाटते, आणि म्हणूनच मला त्याचा विश्वास वाटत नाही. ज्या घरी मी जवळजवळ वर्षभर कॉफी प्यायलो, त्या घरच्या लेकीला या एका वाक्यामुळे सासर सोडावे लागले.

मी इतिहासाचा विद्यार्थी. मुंबईत असताना प्रबंध लिहिला तो इंग्रजांच्या मुंबई सरकारने आखाताच्या किनाऱ्यावरील अरब शेखांशी केलेल्या करारमदारांवर. लोक विचारत, "मुंबईचा आणि त्यांचा काय संबंध?" संबंध फार जवळचा होता. त्या शेखांच्या तक्रारी, तहनामे, आपापसातल्या भांडणांचे निवाडे, सारे एके काळी मुंबईला येत असे. कोणत्या शेखाला किती तोफांची सलामी, कोणाला खुर्ची आणि कोणाला नुसती सतरंजी, कोणाच्या पत्रात 'परममित्र' लिहायचे आणि कोणाच्या पत्रात केवळ 'मित्र', यावर गोऱ्या अधिकाऱ्यांनी दस्त्यांमागून दस्ते खर्ची घातले आहेत. साम्राज्य फौजेवर चालते त्याहून अधिक मानपानावर चालते, असा माझा सिद्धांत होता. तोंडी परीक्षेच्या वेळी एक वृद्ध परीक्षक म्हणाले, "ज्याने लग्नात विहिणीची पंगत सांभाळली आहे, त्याला तुमचा प्रबंध न वाचताही कळेल." सगळे हसले. मीही हसलो, पण मनातून दुखावलो होतो.

त्या प्रबंधात एक प्रकरण देशी एजंटांवर होते. बंदराबंदरांतून इंग्रजांनी स्थानिक व्यापारी नेमले होते. ते शेखाच्या पंगतीला जेवत, त्याच्या घरच्या सुखदुःखात सामील होत, आणि घरी येऊन इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहीत: कोणाचे कोणाशी बिनसले, कोणाची सोयरीक कोठे ठरते आहे, कोणत्या भावाला कोणत्या भावाविरुद्ध उभे करता येईल. त्यांच्याविषयी मी फार कठोर लिहिले होते. 'खाल्ल्या मिठाला न जागलेली माणसे' असे एक वाक्य होते. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, आणि कोणाच्या मिठाचा प्रश्न माझ्यापुढे कधी आला नव्हता.

अमेरिकेत आलो तो शिकवण्यासाठी. ते जमले नाही. एका ग्रंथालयात पश्चिम आशियाई पुस्तकांची सूची करण्याचे काम मिळाले आणि तेच राहिले. घर न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला. प्रबंध कपाटात. दोन हजार एकच्या सप्टेंबरनंतर काही महिने आमच्यासारख्या वर्णाच्या माणसांकडे लोक थोडे थांबून पाहत. एकदा पेट्रोल भरताना एका वयस्क गृहस्थांनी सहज विचारले, कुठले तुम्ही? मी म्हणालो, "इंडिया. हिंदू." दुसरा शब्द त्यांनी विचारला नव्हता. बायको शेजारच्या सीटवर होती. घरी पोहोचल्यावर गाडीतून उतरताना ती म्हणाली, "पुढच्या वेळी गोत्रही सांगून टाका." मी ते हसण्यावारी नेले. आज वाटते, पुढे जे घडले त्याचे बी तिथेच होते. आपण कोणाच्या बाजूचे आहोत हे न विचारता सांगण्याची घाई मला तेव्हापासून लागली होती.

काही वर्षांनी आमच्या विभागात अरबी पुस्तकांसाठी एक इराकी गृहस्थ आला. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, युद्धाच्या आधीच देश सोडलेला, मितभाषी. आमची टेबले शेजारी होती. दोन हजार सहाच्या वसंतात त्याचे वडील हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी त्याच्याकडे आले. फुरात म्हणजे युफ्रेटिस नदीच्या काठच्या एका गावात ते आपल्या टोळीतल्या एका घराण्याचे प्रमुख होते. शस्त्रक्रिया झाली, पण परतण्याची परवानगी डॉक्टर देईनात. दिवसभर घरात बसून म्हातारा कंटाळतो, म्हणून मुलाने मला एका रविवारी घरी बोलावले.

म्हाताऱ्यांचा पहिला प्रश्न होता, "बंबईत घोड्यांचे तबेले अजून आहेत का?" त्यांचे आजोबा बसऱ्याहून जहाजाने अरबी घोडे मुंबईला नेऊन विकत. मी म्हणालो, तबेले गेले, तिथे आता मोटारींचे सुटे भाग मिळतात. त्यांनी मान हलवली, जणू एखाद्या नातेवाइकाच्या मृत्यूची उशिरा आलेली बातमी ऐकावी. माझे अरबी सगळे जुन्या तहनाम्यांतून शिकलेले. बोलायला लागलो की म्हातारे खुदुखुदु हसत. मुलाला म्हणत, "हा मेलेल्या शेखांसारखा बोलतो. याला विचार, कोणाशी तह करायला आलायस?"

त्या घरात मी पुष्कळ शिकलो. त्यांच्याकडच्या बैठकीच्या खोलीत शेगडीजवळची जागा मानाची, दाराजवळची सगळ्यांत खालची. बिनकानाच्या लहान पेल्यात वेलदोड्याची कडू कॉफी दोन घोट ओततात. पुरे असेल तर पेला हलवून परत द्यायचा. आणि ज्याला काही मागायचे असेल तो पेला न पिता समोर ठेवतो. मग यजमान विचारतो, काय हवे? मागणे मान्य झाले तरच पाहुणा पितो. "आणि मान्य नाही केलं तर?" मी विचारले होते. म्हातारे म्हणाले, "ज्याच्या घरातून पाहुणा कॉफी न पिता उठला, त्याने तोंड दाखवू नये. म्हणून ते शस्त्र आहे. विचार करून काढायचं."

बायको कधी कधी बरोबर येई. तिने केलेले खारे शंकरपाळे म्हाताऱ्यांना फार आवडत. डबा बाजूला सारल्यासारखे करून पुन्हा जवळ ओढत.

अशाच एका रविवारी मी त्यांना आमच्या घरातली एक गोष्ट सांगितली. माझे आजोबा दत्तक आलेले. चुलत घराण्याने ते आम्हांला कधी विसरू दिले नाही. लग्नकार्यात कुळाचार सांगायची वेळ आली की कोणीतरी हळूच म्हणायचेच, "हे तसे बाहेरचे." मी हे गमतीने सांगितले होते. माझ्या दृष्टीने त्यात आता काही दुखरे उरले नव्हते. पण म्हातारे गंभीर झाले. थोडा वेळ माळेचे मणी ओढत राहिले आणि मग म्हणाले, "तू आपलं सांगितलंस, मी आमचं सांगतो." त्यांची मुलगी ज्या घराण्यात दिली होती, ते गावातले दुसरे मोठे घराणे, रक्ताने टोळीतले नव्हते. चार पिढ्यांपूर्वी ते दुसरीकडून आश्रयाला आले. म्हाताऱ्यांच्या पणजोबांनी त्यांना आपल्यात घेतले, वंशावळीत नाव घातले, आणि हे पुन्हा कोणी उच्चारायचे नाही असे ठरले. "चार-पाच म्हाताऱ्यांनाच माहीत आहे. मुलगी मुद्दाम तिथे दिली. म्हणजे कोणाला वाटलं तरी बोलता येऊ नये." मग मुलाकडे पाहून म्हणाले, "तूही आज पहिल्यांदा ऐकतोयस." मुलाने होकार दिला.

परतताना बायको म्हणाली, "किती विश्वास टाकला हो त्यांनी तुमच्यावर."

त्याच वर्षीच्या पानगळीत मला एका गृहस्थांचा फोन आला. अमेरिकन लष्कराला सल्ला देणाऱ्या एका खाजगी कंपनीत ते काम करत. त्यांनी माझा प्रबंध वाचला होता! अठ्ठावीस वर्षांत असे सांगणारा पहिला माणूस. ते ग्रंथालयाजवळच्या कॉफीच्या दुकानात भेटायला आले तेव्हा प्रबंधाची छायाप्रत त्यांच्या बॅगेत होती, आणि तीत पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. मी त्या चिठ्ठ्यांकडेच पाहत राहिलो. ते म्हणाले, "इराकात आता टोळ्यांशी जुळवून घ्यायचं चाललं आहे, प्रोफेसर. शेखांना बरोबर घेतलं तर गोळीबार कमी होईल. पण कोणाला आधी बसवायचं, कोणाला नंतर, हे आमच्या लोकांना कळत नाही. हे तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?" मी प्रोफेसर नव्हतो. मी ते दुरुस्त केले नाही.

मी टिपण लिहायचे कबूल केले. युद्ध मला मान्य नव्हते, पण त्यातून चार जीव वाचत असतील तर विद्येचा उपयोग झाला, असे मी स्वतःला समजावले. हे खोटे नव्हते. केवळ ते पहिले कारण नव्हते. पहिले कारण त्या पिवळ्या चिठ्ठ्या होत्या.

टिपण अकरा पानांचे झाले. मुंबई सरकारचे अनुभव, मानक्रमाचे महत्त्व, एकाला दिलेल्या सन्मानाने दुसरा कसा दुरावतो. पण हे सगळे जुने, पुस्तकी वाटू लागले. आजचे एखादे उदाहरण असावे असे वाटले. आणि मी त्या गावाचे उदाहरण दिले. लिहिले, की तेथे दोन घराणी बरोबरीची भासतात, परंतु एक मूळ आहे व दुसरे आश्रित. बोलणी करताना हा भेद ध्यानात ठेवावा.

लिहून झाल्यावर हात थांबला, तो एवढ्याचसाठी की विधानाला आधार दिलेला नव्हता. माझ्या मार्गदर्शकांनी घालून दिलेली शिस्त अशी होती, की ज्याच्याकडून घेतले त्याचे ऋण पानाच्या तळाशी मान्य केल्यावाचून पुढे जायचे नाही. नाव देणे बरे नव्हे, इतकी अक्कल शिल्लक होती. म्हणून मी नाव न देता ती नववी तळटीप लिहिली, आणि प्रामाणिकपणा पाळल्याचे समाधान मानले. चोराने चोरलेल्या भांड्यावर मालकाचे नाव कोरून द्यावे, तसे ते समाधान होते.

नव्या वर्षाच्या फेब्रुवारीत, बाहेर बर्फ कडक झाले असताना, शेजारच्या टेबलावरचा माझा इराकी सहकारी कामावर आला तो कोट न काढताच बसला. "काल बहिणीचा फोन होता," तो म्हणाला.

त्याने सांगितले ते असे. एका अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने गावातल्या शाळेत दोन्ही घराण्यांची बैठक बोलावली होती. दोघांनी मिळून रस्त्यांची राखण करावी, असा प्रस्ताव होता. अधिकाऱ्याच्या हातात कागद होते. त्याने म्हाताऱ्यांच्या भावाला आधी बसवले, आणि दुसऱ्या प्रमुखाला अत्यंत सौजन्याने म्हणाला, "आपण चार पिढ्या यांचे पाहुणे आहात हे आम्हांला माहीत आहे, तरीही आम्ही आपला तितकाच आदर करू." दुभाष्याने ते शब्द जसेच्या तसे अरबीत सांगितले. दुसऱ्या घराण्याचे सारे पुरुष उठले आणि निघून गेले. नंतर कोणीतरी दुभाष्याला गाठून विचारले, हे त्यांना सांगितले कोणी? तो म्हणाला, कागदावर लिहिलेले आहे.

"कागदावर काय लिहिलंय माहीत आहे?" माझ्या शेजाऱ्याने विचारले. "टोळीतला म्हातारा, हृदयाचं ऑपरेशन, न्यू जर्सी. आमच्या टोळीतून ऑपरेशनला न्यू जर्सीला आलेली माणसं किती, सांग ना!"

त्याच्या बहिणीला नवऱ्याने काकांच्या घरी आणून सोडले होते. तिच्या दोन मुली त्याने ठेवून घेतल्या. म्हाताऱ्यांनी वसंतात परत जायचे ठरवले होते. ते आता अशक्य झाले होते.

"बाबा म्हणतात, हॉस्पिटलमध्ये गुंगीत बोललो असेन. तिथे एक अरबी बोलणारी नर्स होती. तिला दोष देतात, मग स्वतःला देतात. सारखं विचारतात, मी काय बोललो, कोणापुढे बोललो?" तो म्हणाला, आणि माझ्याकडे पाहू लागला. त्याच्या पाहण्यात संशय नव्हता. तो धीर मागत होता.

मी म्हणालो, "फार वाईट झालं."

पुढचे सहा आठवडे मी एवढेच म्हणत राहिलो. टिपण लिहिताना मी मोहात होतो, असे तरी म्हणता येईल; या सहा आठवड्यांत मी पूर्ण शुद्धीवर होतो. रविवारी काही ना काही निमित्त काढून जाणे टाळले. शेवटी बायकोनेच मला धरले. "ते बोलावतात आणि तुम्ही जात नाही. काय झालंय?" मी सांगितले. ती शंकरपाळे लाटत होती, त्यांच्याचसाठी. लाटणे खाली ठेवून म्हणाली, "अहो, ते तुमच्याशी बोलले होते. त्या कागदाशी नाही." थोड्या वेळाने, अधिक हळू आवाजात, "आणि त्या नर्सचं काय? ती बिचारी फुकट शिव्या खातेय."

त्या नर्सचे मला सुचलेही नव्हते.

रविवारी दुपारी मी एकटा गेलो. म्हातारे खिडकीजवळ बसले होते, बरेच वाळले होते. मुलाने कॉफी ओतली. मी पेला घेतला आणि न पिता समोर ठेवला. मुलगा थबकला. म्हाताऱ्यांनी पेल्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"काय हवंय, बंबईवाले?"

क्षमा, असे म्हणायचे मी घरून ठरवून गेलो होतो. आणि त्या क्षणी मला माझ्याच प्रबंधातले ते प्रकरण आठवले. त्यांच्या घरात, त्यांच्याच रिवाजाचे शस्त्र मी त्यांच्यावर काढले होते. पाहुण्याला नाही म्हणता येत नाही हे मला माहीत होते. तेच ओळखून मी मागायला बसलो होतो. देशी एजंट तरी याहून वेगळे काय करत?

मी पेला उचलला आणि प्यायलो. म्हणालो, "काही मागायचं नाही. सांगायचं आहे." आणि माझ्या त्या तहनाम्यांच्या अरबीत सगळे सांगितले: कंपनीचा माणूस, टिपण, तळटीप, सहा आठवडे. ते या वेळी हसले नाहीत. मुलगा मध्येच उठून स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

म्हातारे म्हणाले, "म्हणजे ती नर्स नव्हती."

"नाही."

"मी गुंगीत बोललो नाही."

"नाही. तुम्ही पाहुण्याशी बोललात."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटले, आता ते मला जायला सांगतील. ते म्हणाले, "हेच पोरीच्या सासऱ्यांना लिही. तुझ्या हाताने, तुझ्या नावाने. बापाचं नाव घाल, गाव घाल. मी याला पाहुणा समजून बोललो, आणि याने पाहुण्याचा धर्म मोडला, असं लिही. आमच्याकडे पाहुण्याने घात केला तर कलंक पाहुण्याच्या नावाला लागतो. थोडा मलाही राहील, मी बोललोच होतो. पण पोरीला लागणार नाही."

मी तिथेच लिहायला बसलो. सवयीने मथळ्यावर 'मान्यवर, परममित्र' वगैरे जुनी मालिका आली. म्हाताऱ्यांनी बोटाने ती ओळ दाखवली आणि म्हणाले, "हे खोड. तू त्यांचा मित्र नाहीस." मी खोडले. माझे नाव, वडिलांचे नाव, दत्तक आजोबांचे नाव, सारे लिहिले. मुलगा दारात उभा राहून पाहत होता. मी निघालो तेव्हा त्याने दार उघडून धरले.

कंपनीच्या गृहस्थांना मी फोन केला. ते म्हणाले, टिपण आता त्यांच्या हाती राहिलेले नाही. त्यांना माझ्या बोलण्याचे आश्चर्य वाटले. काम तर उत्तम झाले होते.

म्हातारे जूनमध्ये, डॉक्टरांचे न ऐकता, ते पत्र घेऊन गेले. त्यानंतर शेजारच्या टेबलावरून मला कामाच्या चिठ्ठ्या येत, नीट अक्षरात, आणि 'धन्यवाद' एवढाच शब्द. तो म्हणाला असता तर मी टेबल बदलून घेतले असते. तो म्हणाला नाही, आणि ते त्याने माझ्यावर केलेले उपकार होते की शिक्षा, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

सप्टेंबरमधल्या एका सकाळी तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. वडिलांचा फोन आला होता, आणि त्यांनी माझ्यासाठी निरोप दिला होता. तो निरोप त्याने भाषांतर न करता त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच संथ चालीत सांगितला.

"बंबईच्या माणसाला सांग, पत्र त्यांच्या बैठकीत वाचून दाखवलं. पोर आपल्या घरी गेली, मुलींजवळ. तिच्या सासऱ्यांनी मलाही बोलावलं. मी जातो. दाराजवळ बसतो."

 त्याने विचारले, "उलट काही सांगायचं आहे?"

मी म्हणालो, "निरोप पोहोचला म्हणून सांग."